‘मालिशवाल्याचं बिल’ विचारणाऱ्या जाणकारांना उत्तर

जाणकार साहेब,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा रात्री झोपताना, एकदा सकाळच्या चहाबरोबर आणि तिसऱ्यांदा आमच्या ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवताना. हे म्हणाले, ‘सोड ना, कशाला उत्तर देते.’ म्हणून देते आहे.

इतर वाचकांसाठी आधी थोडं सांगते. मागच्या लेखात मी माझ्या कंबरेची गोष्ट लिहिली होती. २०२३ च्या पावसाळ्यात मोपेडवरून पडले, चौथ्या-पाचव्या मणक्यातली चकती सरकली, उजव्या पायात कळ. ऑपरेशन टाळून मॅन्युअल थेरपी (फिजिओथेरपिस्ट हातांनी करतात तो उपचार) आणि सुया टोचून करतात ते अ‍ॅक्युपंक्चर घेतलं. बिल झालं १४,२०० रुपये आणि आमच्या विमा कंपनीनं क्लेम नाकारला. त्यावर ‘एक जाणकार, प्रतापनगर’ या सहीनं हे आलं:

‘ताई, पॉलिसी न वाचता बोंब मारायची ही आपल्याकडची जुनी सवय. विमा अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी असतो, ओपीडीच्या किरकोळ बिलांसाठी नाही. अ‍ॅक्युपंक्चर आयुषमध्ये येत नाही, तुम्ही चुकीचं लिहिलं आहे. चाचणीत नुसत्या दिखाव्यापुरत्या टोचलेल्या खोट्या सुयांनीही जवळपास तेवढाच फरक पडतो हे चाचण्यांत दिसलं आहे, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०१६ मध्येच कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. उद्या मालिशवाल्याचं बिलही कंपनीनं भरायचं का? असले क्लेम दिले तर प्रीमियम कुठे जाईल? आणि विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे का गेला नाहीत? मी एकतीस वर्षं या क्षेत्रात काढली आहेत. बाकी सगळं भावनिक लिखाण. नकाराचं पत्र दाखवा, मग बोलू.’

आधी तुमचं बरोबर आहे ते. अ‍ॅक्युपंक्चर आयुषमध्ये येत नाही. आयुष म्हणजे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी. सुयांचा त्यात पत्ता नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीनं वागवा, असं इर्डानं, म्हणजे विमा क्षेत्राच्या नियामकानं, कंपन्यांना सांगितलं. ते वाचून मी उत्साहाच्या भरात ‘आता तरी मिळायला हवं’ असं लिहून गेले. चूक माझी, मूळ लेखात दुरुस्तीही केली आहे. (आयुषमध्ये असतं तरी भरती व्हावंच लागलं असतं म्हणा, तेही निदान पाच खाटांच्या आयुष रुग्णालयात. पण चूक ती चूक.)

आता तुमच्या बोलण्याकडे येते. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच शब्दाला ‘बोंब मारायची सवय’ म्हणायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे पाहुण्याच्या हातात पाण्याचा गिलास दिल्यावर भांडण काढतात. तुम्ही गिलास देतादेताच भांडून राहिले. आणि पॉलिसी वाचली नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी वाचली. पडल्यावर वाचली, हे कबूल. पडायच्या आधी कोण वाचतं हो? तुमच्या एकतीस वर्षांत असा एक तरी ग्राहक भेटला असेल तर त्याचा सत्कार करू, हार मी आणते.

पण हे सगळं मी गिळलं असतं. ‘मालिशवाल्याचं बिल’ हे वाक्य मात्र गिळता येत नाही.

मॅन्युअल थेरपी म्हणजे मालिश नव्हे. माझी फिजिओथेरपिस्ट इथे नागपुरात, धरमपेठेत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसते. वय जेमतेम तिशीचं. साडेचार वर्षांची पदवी, वर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी भिंतीवर चौकटीत. पहिल्या दिवशी तिनं मला हातही लावला नाही. म्हणजे लावला, पण तपासायला. पाठीवर झोपवलं, गुडघा सरळ ठेवून उजवा पाय हळूहळू वर उचलला, आणि मी ओरडले तिथे थांबली. तीस अंश. कागदावर लिहिलं, तारीख टाकली. मग एमआरआय उजेडावर धरून पाच मिनिटं नुसती बघत राहिली. पायाचा अंगठा वर उचलायला लावून त्यावर स्वतःच्या बोटानं दाब दिला. ताकद किती, तेही लिहिलं. लघवीवर ताबा आहे ना, हे दोनदा विचारलं आणि म्हणाली, ‘त्यात काही बदल वाटला तर माझ्याकडे येऊ नका काकू, तडक मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा.’ हे मालिशवाला विचारतो का?

नंतरच्या सिटिंगमध्ये ती पाठीच्या कण्यावरून अंगठे खाली खाली आणायची आणि नेमकी त्या मणक्यावर थांबायची. सांगायला लागायचंच नाही. मग लहान लहान दाब, घड्याळाच्या काट्यासारखे. कडकड आवाज काढणारे रीलवाले वेगळे, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. बारा सिटिंग झाल्या. शेवटच्या दिवशी पाय सत्तर अंशांपर्यंत गेला, तोही तिनं लिहिला. सहाशे रुपये सिटिंग. घरी करायच्या व्यायामाचा कागद वेगळा, आणि तो केला नाही की बोलणी खायची.

आता हेही सांगते, म्हणजे मला का लागलं ते कळेल. माझी आजी, आईची आई, नागपूरच्या महाल भागात बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायला जायची. तुमच्या भाषेत मालिशवाली. चाळीसेक वर्षं तिनं तो धंदा केला आणि त्यावर चार लेकरं शिकवली. मी सात-आठ वर्षांची असेन. तिच्याबरोबर एका घरी गेले होते, तर तिनं बाळाच्या डोक्यावर माझाच हात ठेवला आणि म्हणाली, ‘टायू भरली नाही अजून, हात हलका ठेव व माय.’ त्या टाळूखालची धडधड मला अजून बोटांत आठवते. मॅन्युअल थेरपी मालिश नाही हे मी वर लिहिलंच, पण मालिश करणाऱ्या बाईचं नाव तुम्ही शिवीसारखं का वापरता? ती काय तुमच्या कंपनीकडे बिल घेऊन आली होती? तिला कधी कोणी कॅशलेस दिलं नाही. एक नऊवारी आणि शेरभर गहू, तेही बारशाला बोलावलं तर.

(ह्यांनी मागून वाचलं आणि म्हणाले, तू एकाच वेळी दोन्ही बाजूंनी भांडते आहेस. असू दे.)

सुया मी दुसरीकडे घेतल्या, एका नोंदणीकृत डॉक्टरांकडे, सातशे रुपये सिटिंग, दहा वेळा. नोंदणीकृत हा शब्द मुद्दाम लिहिते. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, २०१५ चा, आणि त्याखाली परिषद आहे. त्याआधी २००३ मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं ही एक उपचाराची रीत म्हणून मान्य केली होती. गुडघ्यामागच्या खळगीत सुई गेली की टोचल्यासारखं फारसं वाटत नाही. जडपणा येतो, आणि मुंग्यांची एक रेघ पोटरीतून खाली उतरते. डॉक्टर म्हणायचे, ‘आली का?’ आली म्हटलं की हात काढून घ्यायचे.

आणि नागपूरच्या माणसानं तरी या सुयांना परकं म्हणू नये. १९३८ मध्ये आपल्याकडून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्याच पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे किती नागपूरकरांना ठाऊक आहे? आणि त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. याचा माझ्या क्लेमशी काही संबंध नाही, मला कळतं. पण लिहायचं होतं.

नाइसचं म्हणता, तर पूर्ण म्हणा. २०१६ च्या त्याच मार्गदर्शिकेत अ‍ॅक्युपंक्चरला नाही म्हटलं आहे, खरं. पण व्यायामाच्या जोडीनं मॅन्युअल थेरपीचा विचार करावा, हेही तिच्यातच आहे. ते तुम्ही सोयीनं वगळलं, कारण मग ‘मालिशवाला’ बसला नसता. शिवाय २०२१ मध्ये त्याच संस्थेनं दुसरं कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करायला हरकत नाही असं सांगितलं. माझी नस दबलेली होती, मला ते लागू नाही असं तुम्ही म्हणाल. म्हणा. अमेरिकेत मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीला नव्वद दिवसांत बारा वेळा सुयांचे पैसे देतं, आणि फरक पडत असेल तर आणखी आठ. जर्मनीतला सरकारी विमा कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी २००७ पासून देतो. खोट्या सुयांच्या त्या मोठ्या चाचण्या जर्मनीतल्याच, त्यांचे आकडे बघूनही देतो. खोट्या सुयांचा मुद्दा मोठा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज जागा नाही.

आणि एक गंमत सांगू? कंपनीनं माझा क्लेम नाकारताना ‘सिद्ध न झालेला उपचार’ असं कुठेच म्हटलं नाही. तसं कलम पॉलिसीत आहे, अपवादांच्या यादीत सोळावं. ते त्यांना आठवलं नाही, तुम्हाला आठवलं. त्यांच्या पत्रात एकच कारण आहे, भरती नाही. त्याआधी टीपीएकडून, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, जो ईमेल आला तो मी जपून ठेवला आहे. त्यात मागितलेली कागदपत्रं: इनडोअर केस पेपर, भरतीची वेळ, आणि डिस्चार्ज समरी. जी बाई भरतीच झाली नाही तिची डिस्चार्ज समरी! मी बेकरीवाल्याकडून आणायची का? बन-मस्का खाऊन साडेअकराला डिस्चार्ज.

खरा राग इथे आहे. धंतोलीतल्या एका सर्जननी ऑपरेशनचा अंदाज दिला होता १ लाख ८५ हजार. ते केलं असतं तर कॅशलेस झालं असतं. वर, बहुतेक पॉलिसींत असतं तसं आमच्याही पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचा खर्च बसतो, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याच पोरीच्या त्याच अंगठ्यांचे तेच सहाशे रुपये कंपनीनं दिले असते. आधी पाठ कापून घ्या, मग देतो. तुम्ही एकतीस वर्षं या क्षेत्रात काढलीत ना, मला हे एकदा समजावून सांगा.

चोवीस तास भरतीचा नियम म्हणाल, तर तो काही दगडावरची रेघ नाही. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी नऊला गेले, दीडला घरी येऊन वरण-भात जेवले. तो क्लेम पास झाला, कारण मोतीबिंदू डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत, धरतात. तंत्र बदललं तसे नियम बदलले. मग लिहून घेतलेल्या अंशांवर चालणाऱ्या, डॉक्टरांनी चिठ्ठीवर सांगितलेल्या बारा सिटिंगसाठी का बदलू नयेत? सगळ्यांच्या सगळ्या मालिशीचे पैसे द्या, असं मी कुठे म्हटलं? सिटिंगची मर्यादा घाला, नोंदणी तपासा, सुधारणा नसेल तर बंद करा. अमेरिकेतही सुधारणा नसेल तर बंदच करतात.

ओपीडीचा रायडर (जादा पैसे भरून पॉलिसीला जोडायचं कलम) घ्यायचा होता, असं तुम्ही आता म्हणाल. अकरा वर्षं आम्ही पाच लाखांचा फ्लोटर (घरातल्या सगळ्यांची मिळून एक पॉलिसी) भरतो आहोत, एजंटनं एकदाही रायडर हा शब्द काढला नाही. दिवाळीला डायरी मात्र न चुकता आली.

प्रीमियमचं काय विचारता. तो माझ्या सुयांची वाट बघत थांबला नव्हता.

आता लोकपाल. तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं, मॅन्युअल थेरपिस्टसारखं. मी गेले नाही. आपल्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीकडे आधी लेखी तक्रार करून एक महिना थांबायचं आणि अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, हे सगळं मला माहीत होतं. कंपनीला तक्रार केली, त्यांचं ‘आम्ही आमच्या निर्णयावर ठाम आहोत’ आलं, आणि त्यानंतर सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. वर्ष निघून गेलं. टीप करून ठेवा तुमच्या वहीत. ज्यांचं वर्ष अजून गेलेलं नाही त्यांनी माझ्यासारखं करू नका, इतकंच.

बाकी तुम्ही लिहिलेल्या ‘भावनिक लिखाण’ वगैरेला मी उत्तर देत नाही. तुमची पुढची प्रतिक्रिया आली तर तीही जशीच्या तशी ठेवीन, एकही शब्द काढणार नाही. खाली खरं नाव लिहिलंत तर बरं वाटेल, मी माझ्या नावानं लिहिते.

शेवटी ‘नकाराचं पत्र दाखवा, मग बोलू’ असं तुम्ही म्हटलं होतं. खाली फोटो टाकला आहे. पॉलिसी नंबरावर दिसतो तो अंगठा माझा आहे, आणि कागदावरचा डाग हळदीचा.