‘उरले’ दिसलं की वजाबाकी?

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं : शाब्दिक उदाहरणांत पायऱ्या लिहीत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आलं की भागाकार, एवढं पाठ करा. स्कॉलरशिपला पायऱ्यांचे गुण नसतात, जुनी माणसं सगळं तोंडीच करायची, आणि मोठेपणी मोबाइल आहेच.

आधी ती शब्दांची यादी बघू. पेटीतले 14 आंबे नासके निघाले, 34 उरले. पेटीत होते किती? ‘उरले’ आहे, तरी बेरीजच करायची, 48. वर्गात एकूण 45 मुलं, त्यांत 22 मुली, मुलगे किती? वजाबाकी. 5 मुलांना प्रत्येकी 4 लाडू द्यायचे तर लाडू किती लागतील? गुणाकार. झाली यादी आडवी.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या चौथीतल्या मुलीला विचारलं, “तुझ्याकडे 12 पेन्सिली आहेत, भावापेक्षा 5 जास्त. भावाकडे किती?” “सतरा!” मी म्हटलं, “बरं, जास्त कुणाकडे आहेत?” “माझ्याकडे.” मग स्वतःच जीभ चावून म्हणाली, “सात, सात.” पायरी म्हणतात ती एवढीच. आकड्यांना हात लावायच्या आधी गोष्ट काय आहे ते विचारायचं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या अभ्यासकांनी लहान मुलांना एक प्रश्न घातला होता : जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बऱ्याच पोरांनी बिनदिक्कत 36 सांगून टाकलं. गोष्ट न वाचता आकडे उचलायची सवय लागली की असंच व्हायचं.

स्कॉलरशिपला पायऱ्यांचे गुण नसतात हे खरंच आहे. योग्य पर्यायाचा गोल रंगवला की काम झालं. पण पर्याय काढणाराही कच्चा नसतो. पेन्सिलींच्या प्रश्नाला तो 17 हा पर्याय ठेवणारच. ‘रीत’ म्हणून सुबक अक्षरात सहा ओळी लिहून घ्यायचा सोस मलाही पटत नाही. दोन शब्दांत लिहा, मनात करा, पण पायरी गाळू नका.

जुन्या माणसांबद्दल मात्र फॉरवर्ड साफ चुकतो. पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, साडेतीन यांचे पाढे पाठ असलेला माणूस हिशेब तोंडी करायचा, पण पायरीनेच. 80 रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेताना भाजीवाली आजही पुटपुटते, “पाव किलो वीस, पाऊण किलो साठ.” आणि फार जुनं हवं असेल तर भास्कराचार्य आहेत. 1150 च्या ‘लीलावती’त त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढायची रीत, सांगताना ते आधी राशींना नावं देतात : प्रमाण, फल, इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या, त्या टोकांना. फल वेगळ्या जातीचं, ते मध्ये. डझनभर केळी 60 रुपयांना, तर 8 केळी कितीला? 12, 60, 8 असं मांडायचं, 60 ला 8 ने गुणून 12 ने भागायचं, 40 रुपये. पण इच्छा वाढल्यावर फल कमी होत असेल तर हीच रीत उलटी लावायची, ते व्यस्त त्रैराशिक. विहिरीचा गाळ 4 मजूर 6 दिवसांत काढतात, तर 8 मजूर? 12 नव्हे, 3 दिवस. ही उलटापालट कुठल्या शब्दावरून ओळखणार? मजूर वाढले की दिवस घटतात, हे डोळ्यांपुढे आणावंच लागतं.

मोबाइलचं म्हणाल तर तो भागाकार करून देतो. कशाला कशाने भागायचं ते आपण सांगायचं. ‘50 टक्के, वर आणखी 20 टक्के सूट’ या पाटीसमोर भलेभले 70 टक्के धरून चालतात. हजाराचे आधी 500, मग त्या 500 चे 400. सूट 60 टक्केच.

फॉरवर्डच्या शेवटी एक नमुनाही सोडवून दाखवलाय : साडीची किंमत 20 टक्क्यांनी वाढली, मग 20 टक्क्यांनी कमी झाली, ‘वाढली’ आणि ‘कमी’ एकमेकांना खातात, म्हणून किंमत तीच. 500 ची साडी घ्या. वाढून 600. त्या 600 चे 20 टक्के 120. उरले 480. इथे ‘उरले’ला वजाबाकी होती खरी, पण नेमकी तीच त्यांनी केली नाही.