पन्नास सह्यांचं मुखत्यारपत्र आणि ‘इंग्रजांनी दिलेली’ लोकशाही

दर २६ जानेवारीला आणि निवडणुकीच्या आगेमागे एक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक थेट काकांकडून. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच असतो. इंग्रजांनी रेल्वे दिली, टपाल दिलं, तशी लोकशाहीही दिली. १८६१, १८९२, १९०९, १९१९, १९३५ अशा पायऱ्यांनी बोटाला धरून शिकवली. प्रतिनिधी निवडणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. संविधान तरी काय, १९३५ चाच कायदा, फक्त पुठ्ठा नवा. खाली जोडलेले दोन हात.

काकांना फोनवर काही सांगायला गेलं की ‘तू फार वाचतोस’ म्हणून विषय मिटतो. म्हणून लिहूनच काढतो.

आधी त्या पायऱ्या. सालं सगळी बरोबर आहेत. त्या त्या साली नेमकं काय मिळालं, तेवढं मजकुरात नसतं.

१८६१ चा कायदा आला तो १८५७ चा दणका बसल्यावर. बार्टल फ्रिअर, म्हणजे पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले, आणि ज्यांच्या नावाने बांधायला घेतलेल्या कारंज्याला आपण आज फ्लोरा फाउंटन म्हणतो ते, यांनी १८६० मध्येच लिहून ठेवलं होतं : कोट्यवधी लोकांसाठी कायदे करायचे आणि ते त्यांना मानवतात की नाही हे कळायला बंडाशिवाय फारसा मार्ग ठेवायचा नाही, हा प्रयोग धोक्याचा आहे. तेव्हा ताप बघायला थर्मामीटर लावावा, तसे काही हिंदी लोक कौन्सिलात घेतले गेले. घेतले, निवडले नाहीत. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिले तिघे कोण, तर पतियाळाचे महाराज, बनारसचे राजे आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. मुंबईच्या कौन्सिलात १८६२ मध्ये जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट. नानांची योग्यता कुणी नाकारणार नाही, पण त्यांना तिथे पाठवलं सरकारने. प्रश्न विचारायचा नाही, अंदाजपत्रकावर बोलायचं नाही. समोर येईल त्या मसुद्यावर मत द्यायचं आणि घरी जायचं.

१८९२ च्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द मुद्दाम टाळला होता. नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ यांनी नाव सुचवायचं आणि सरकारने ते नेमायचं. अंदाजपत्रकावर भाषणाची मुभा मिळाली, मतदानाची नाही. प्रश्न विचारता येत होता, पण उत्तर गुळमुळीत आलं तर त्यावर उपप्रश्न नाही. असल्या कौन्सिलात १८९५ साली टिळक गेले. दोन वर्षांनी राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली.

या कौन्सिलात ‘शिकणं’ कसं चाले, ते बघायचं तर १९०१ चा ऑगस्ट घ्या. नुकताच छप्पन्नचा (संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ होऊन गेलेला. सारा थकलेला, जमिनी सरकारजमा होत असलेल्या. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली : अशा जप्त जमिनी पुन्हा लागवडीला देताना त्या विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क शेतकऱ्याला राहणार नाही, अशी अट सरकार घालू शकेल. सरकारचं म्हणणं, सावकाराच्या घशातून जमीन वाचवायची आहे. विरोधकांचं म्हणणं, याने रयत सरकारचं कूळ होऊन बसेल. (सावकारांबद्दलचं सरकारचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं आणि विरोधाच्या मागे सावकारांचंही हित होतं, हेही सांगून टाकतो.) फिरोजशहा मेहतांची मागणी साधी होती : घाई करू नका, लोकांचं ऐका. सरकारी सदस्यांचं बहुमत ठरलेलंच होतं, त्यामुळे ती फेटाळली गेली. तेव्हा मेहता उठले आणि सभागृहाबाहेर चालते झाले. मागोमाग गोखले आणि त्यांचे आणखी काही सहकारी. गोखल्यांसारखा मवाळ, मोजूनमापून बोलणारा माणूस उठून जातो, यावरूनच काय ते समजा. विधेयक अर्थातच मंजूर झालं.

१९०९ च्या सुधारणांचे जनक भारतमंत्री मोर्ले. त्यांनी डिसेंबर १९०८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात स्वतःच सांगितलं, की या सुधारणांमधून हिंदुस्थानात संसदीय पद्धत येणार असं कुणी दाखवून दिलं, तर मला त्यांच्याशी काहीही कर्तव्य नाही. आता पायरी बांधणारा गवंडीच म्हणतो की ही वर जात नाही. आपण मात्र शंभर वर्षांनी तिला जिना म्हणून फुलं वाहतो आहोत. त्याच सुधारणांनी मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले, तो धागा पुढे कुठवर गेला ते माहीतच आहे. आणि याच सुधारणांतून आलेल्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. लोक निरक्षर आहेत म्हणून मत देता येत नाही म्हणायचं, आणि साक्षर करायचं विधेयक आलं की हात वर करून पाडायचं!

१९१९ थोडक्यात सांगतो, कारण द्विदल राज्यपद्धती शाळेत घोकलेली असते. शिक्षण, आरोग्य ही सोपीव खाती हिंदी मंत्र्यांकडे. तिजोरी, पोलीस, महसूल ही राखीव खाती गव्हर्नरकडे. चूल आमची, शिधा त्यांच्या कुलपात. केंद्रीय कायदेमंडळाने १९२३ मध्ये मिठावरचा कर दुप्पट करायला नकार दिला. मणामागे सव्वा रुपयाचा कर अडीच रुपये करायचा होता. व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. मतदार किती, तर १९२० मध्ये त्या कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहासाठी सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ९ लाख. वरच्या सभागृहासाठी सुमारे १७ हजार. आजच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीची यादी याहून मोठी असेल.

आता काकांचा आवडता मुद्दा : ‘आपल्याला ठाऊकच नव्हतं.’

पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिच्यामागचे गृहस्थ. तिचा सभासद व्हायला वर्गणी पुरेशी नव्हती. निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे, की हा आमच्या वतीने बोलेल. सुरुवातीला ९५ सभासद झाले, आणि त्यांच्यामागे ६ हजारांवर लोकांची मुखत्यारपत्रं. डोळ्यांसमोर आणा : पुण्याच्या एखाद्या वाड्यात कारकुनी कागद पसरलेला आहे, दौत फिरते आहे, ज्याला लिहिता येत नाही तो अंगठा उठवतो आहे, आणि ठरतं आहे काय, तर माझ्या वतीने कोण बोलणार. सरकारने असं काही करा म्हणून सांगितलेलं नव्हतं. ‘निवडणूक’ शब्द टाळणारा १८९२ चा कायदा यायला अजून २२ वर्षं होती. १८७५ च्या सुमारास या सभेने, इंग्रजांच्या पार्लमेंटातच हिंदी प्रतिनिधी घ्या, असा हजारो सह्यांचा अर्ज धाडला. त्याच्याही आधी, १८५२ पासून, मुंबईत बॉम्बे असोसिएशनचे अर्ज सुरू होतेच.

इथे दुसऱ्या टोकाचा एक फॉरवर्ड असतो, त्यालाही आवरायला हवं : आपल्या गावपंचायतींत लोकशाही आधीपासून होतीच. त्या पंचायतीत महारवाड्याचा माणूस कुठे बसायचा, बाई कुठे बसायची, हे विचारलं की ही लोकशाही विरघळते. सार्वजनिक सभेच्या त्या ९५ जणांतही भरणा सरदार, इनामदार, सावकार, वकील यांचाच. तिच्या ‘सार्वजनिक’पणावर जोतीराव फुल्यांनी टीका केलीच होती. तेव्हा सगळं आमच्याकडे होतं, असं माझं म्हणणं नाही. मागणी आमच्याकडे होती, आणि तिच्यातली उणीवही आमच्याच माणसांनी दाखवली. मत कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये २७ वर्षांचे एक प्राध्यापक साक्षीला उभे राहिले : अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत आणि मताधिकाराची अट खाली आणा. डॉ. आंबेडकरांच्या या मागणीवर सबंध मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात अस्पृश्यांना जागा मिळाली एक, तीही सरकारनियुक्त. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला. १९३२ मध्ये मताधिकारासाठीच नेमलेल्या लोथियन समितीने तो व्यवहार्य नसल्याचं ठरवलं. इतके निरक्षर लोक, इतका मोठा देश, कसं जमणार?

पण रामेश्वरमच्या पलीकडे, सिलोनमध्ये, याच साम्राज्याने १९३१ मध्ये २१ वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांच्या मतांवर निवडणूक घेतली होती. देश लहान होता हे खरं. पण गरीब, निरक्षर आशियाई माणसाच्या हाती मत देता येत नाही, हे कारण एका वर्षापूर्वीच त्यांच्या स्वतःच्या राज्यात निकालात निघालं होतं.

याहून मासलेवाईक उदाहरण नाताळचं. हा दक्षिण आफ्रिकेतला नाताळ. तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना हिंदी लोकांचा मताधिकार काढायचा होता. तरुण गांधींनी १८९४ मध्ये १० हजार सह्यांचा अर्ज लंडनला पाठवला. शेवटी १८९६ चा कायदा झाला, त्यात हिंदी हा शब्दच नाही. ज्या देशांत संसदीय मताधिकारावर उभ्या प्रातिनिधिक संस्था आजवर नाहीत, तिथल्या युरोपेतर लोकांचं नाव मतदार यादीत येणार नाही, एवढंच लिहिलं. लंडनने त्याला संमती दिली. म्हणजे १८६१ आणि १८९२ अशा दोन पायऱ्या चढून झाल्यावर, खुद्द साम्राज्याच्या कायद्याने ठरवलं की हिंदुस्थानात प्रातिनिधिक संस्था नाहीत. काकांच्या फॉरवर्डला याहून मोठा साक्षीदार मला सापडत नाही.

आणि पायऱ्या नेहमी वरच जातात असंही नाही. इंग्रजांच्याच जमैका वसाहतीत १६६४ पासून प्रतिनिधींची सभा होती. मोरांट बेच्या उठावानंतर १८६६ मध्ये ती गेली आणि सगळी सत्ता गव्हर्नरकडे. आपल्याकडे ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी कायदेमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ गेल्यावर १९४६ पर्यंत गव्हर्नरच राज्य करत होते. त्यासाठी कायदा मोडावा लागला नाही. १९३५ च्या कायद्याचं कलम ९३ त्यासाठीच होतं.

काकांना एक गुण मात्र देतो, नगरपालिकांचा. मुंबईत १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले, आणि व्हाइसरॉय रिपननी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्य हे राजकीय शिक्षण आहे असं मनापासून लिहिलं. त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्याला अडथळे आणले, आणि मुळात रस्ते-दवाखान्यांचा खर्च स्थानिक करांवर ढकलायची सोय आधीचे व्हाइसरॉय मेयो यांच्या काळात १८७० पासून झालेली होती, हे असलं तरी. मेहता, गोखले तिथेच तयार झाले. मान्य.

राहता राहिलं ‘संविधान म्हणजे १९३५ चा कायदा’. कलमं घेतली आहेत, आणि भरपूर. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीतच सांगितलं की घेण्यात लाज कसली, आणि जे घेतलं ते मुख्यतः कारभाराचा तपशील आहे. गव्हर्नरचे अधिकार, याद्या, नोकरशाही ही सगळी तिथलीच, आणि त्यातल्या काहींचा जाच आपण आजही सोसतो. पण १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्क नव्हते, आणि सगळ्यांना मत नव्हतं. त्या कायद्याखाली मतदार सुमारे ३ कोटी. १९५१-५२ च्या याद्यांत १७ कोटींहून अधिक.

मतदार यादीचंच एक सांगतो. १९३५ च्या कायद्यात बाईला मत मिळायचा एक मार्ग होता नवऱ्याचा : त्याच्याकडे पुरेशी मालमत्ता असेल, तर त्याची बायको म्हणून हिचं नाव यादीत. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी कारकून घरोघर फिरले, तेव्हा कित्येक बायकांनी, विशेषतः उत्तरेत, स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी शेवटपर्यंत नाव दिलं नाही अशा सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या, आणि त्यावर ओरडही झाली. पुढच्या निवडणुकीच्या याद्या करताना कारकून पुन्हा त्याच दारांत उभे राहिले : बाई, तुमचं स्वतःचं नाव सांगा.