‘सर्व्हर घेऊनही बिलिंग रांगतंच’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

‘लाखभर रुपये घालून सर्व्हर बसवला, तरी तीन काउंटरवर एकदम बिलं सुरू झाली की स्क्रीन गोठते. फसवलं आम्हाला,’ असं तुम्ही लिहिलंय. गोठते, हे खरं आहे. परवा संध्याकाळी मी स्वतः दुसऱ्या काउंटरवर बसलो आणि थकबाकीची यादी काढली. समोर गिऱ्हाईक उभं, आणि 35-40 सेकंद नुसतं बघत बसायचं. आमचा मुलगा तेव्हा आत सर्व्हरचा टास्क मॅनेजर उघडून बसला होता. प्रोसेसर 3 टक्क्यांवर! सर्व्हर निवांत होता, दम लागत होता तो वायरीला.

तुमच्याकडे बसवलाय तो फाइल सर्व्हर. तो फायली एका जागी सांभाळतो आणि मागेल त्याला देतो. हिशेब करत नाही. तुमचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीतलं, ते प्रत्येक काउंटरच्या मशीनवर चालतं. यादी दोन पानांची, पण ती काढताना इंडेक्स (नोंद कुठे आहे ते सांगणारी सूची) वापरला जात नाही, म्हणून 400 एमबीची खतावणीची फाइल अख्खी काउंटरवर ओढली जाते. सगळी मशीनं जोडणारा जुना स्विच 100 एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला फार तर 12 एमबी. याउलट, ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे ज्यावर सॉफ्टवेअरच चालतं तो सर्व्हर; त्यावर शोधाशोध तिथल्या तिथे होते. प्रश्न तेवढा जातो, दोन पानांचं उत्तर तेवढं परत येतं. वीज जाऊन काउंटरचं मशीन मध्येच बंद पडलं, तरी इंडेक्स बिघडायची भीती राहत नाही.

कोटेशनमध्ये मी नुसतं ‘सर्व्हर’ लिहिलं. जड काम आता तो करेल असं तुम्ही धरून चाललात, आणि कोणीही तसंच धरलं असतं. तुमचं सॉफ्टवेअर कुठलं, हे मी आधी पाहायला हवं होतं. चूक माझी. ‘फसवलं’ हा शब्द मनाला लागला, पण तुमचा राग रास्त आहे.

गिगाबिटचा, म्हणजे दहापट वेगाचा स्विच मी माझ्या खर्चाने बसवतो. काउंटरची नेटवर्क कार्डं गिगाबिटचीच आहेत, त्यामुळे यादीला लागणारा वेळ बराच खाली येईल. मूळ दुखणं मात्र त्याने जाणार नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर सर्व्हरवरच चालवून काउंटरवर रिमोट डेस्कटॉपने फक्त स्क्रीन द्यावी लागेल. मग हाच सर्व्हर ॲप्लिकेशन सर्व्हरचं काम करेल. रॅम 8 ची 16 जीबी करावी लागेल आणि रिमोट डेस्कटॉपचं माणशी एक लायसन्स लागेल. ते मला पडेल त्या भावात देईन, मजुरी घेणार नाही.

रविवारी दुकान बंद असताना येतो. आधी दोन डिस्कवर बॅकअप घेईन, मगच वायरींना हात लावीन.