ट्रॅक डेला मागून येणाऱ्याने जपायचं असतं, पुढच्याने नाही

‘ट्रॅक डेचे पाच अलिखित नियम’ नावाचा एक मेसेज सगळ्या रायडिंग ग्रुपवर फिरतोय. (ट्रॅक डे म्हणजे आपली बाईक घेऊन रेस ट्रॅकवर, पण रेस न लावता, चालवायचा दिवस.) दोनदा दिसला, सोडून दिला. पण काल तो माझ्या भाच्यानेच मला पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, मग मी सारखं मागे बघत चालवायचं का?” पोरगा पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणार आहे, हे डोक्यात घेऊन गेला तर स्वतः पडेल नाहीतर दुसऱ्याला पाडेल, म्हणून लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मागून फास्ट रायडर आला की लाइन, म्हणजे ट्रॅकवरून जायचा आपला ठरलेला मार्ग, सोडून बाजूला व्हा, आरसे ठेवा आणि मागे लक्ष ठेवा, आतून कुणी चाक घातलं की तो कॉर्नर त्याचा, धडक झाली तर दोष निम्मा-निम्मा, आणि फॉर्मवर सही केल्यावर तसंही कुणी कुणाला जबाबदार नाही.

बाजूला व्हा म्हणे. अरे, कुठल्या बाजूला? मागच्याने कुठून जायचं ते तुमची लाइन बघून ठरवलेलं असतं, तुम्ही कॉर्नरला बाहेरून आत येणार आणि निघताना परत बाहेर जाणार हे धरून तो मोकळी जागा शोधत असतो, आणि तुम्ही चांगुलपणाने सरकलात की नेमके त्याच जागेत जाऊन उभे राहता. तो 180 ने येतोय आणि तुम्ही 130 ने जाताय असं धरा, फरक 50 चा, म्हणजे दर सेकंदाला जवळपास 14 मीटर अंतर संपतंय. मान वळवून बघण्यात तुमचा एक सेकंद गेला तर तेवढ्यात तुमची बाईक समोर न बघता 36 मीटर गेलेली असते. ब्रेकिंग मार्करच्या, म्हणजे कॉर्नरआधी ब्रेक कुठे लावायचा त्या खुणेच्या, जवळ हे झालं तर कॉर्नर चुकलाच म्हणून समजा.

यासाठी मेसेजवाल्याने ब्लू फ्लॅगचा, म्हणजे मागून फास्ट रायडर येतोय हे सांगणाऱ्या निळ्या झेंड्याचा, दाखला दिलाय. तर मोटोजीपी या बाईक रेसिंग मालिकेचं नियमपुस्तक आहे एफआयएमचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेचं, त्यात रेसमध्ये लॅप होणाऱ्याने, म्हणजे एक पूर्ण फेरी मागे पडणाऱ्याने, पहिल्या संधीला वाट द्यावी असं आहे, बरोबर. पण त्याच नियमात प्रॅक्टिस सेशनसाठी काय लिहिलंय? की ब्लू फ्लॅग दिसला तर रायडरने आपली लाइन धरून ठेवायची आणि हळूहळू स्पीड कमी करायचा, म्हणजे मागच्याला जाता येईल. लाइन धरून! ग्रां प्रीच्या रायडरलासुद्धा लाइन सोडायला सांगत नाहीत आणि तुम्ही पहिल्यांदा आलेल्या पोराला सांगताय? ट्रॅक डे ही तर रेससुद्धा नाही, तिथे पोझिशन नाही, पॉइंट नाहीत, बऱ्याच ठिकाणी लॅप टायमर लावायलाही बंदी असते. तिथे ब्लू फ्लॅग वापरत असतील तर त्याचा अर्थ सकाळच्या ब्रीफिंगमध्ये सांगतात तोच.

‘चाक घातलं की कॉर्नर त्याचा’ हे वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. नवीन रायडर कॉर्नरमध्ये काय करत असतो ते बघा. बाईक झुकलेली, गुडघा बाहेर, नजर एपेक्सवरून, म्हणजे कॉर्नरच्या सगळ्यात आतल्या बिंदूवरून, एक्झिटकडे निघालेली, टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च होतेय. आणि अचानक हँडलच्या आतल्या बाजूला कुणाचं तरी पुढचं चाक येतं. तो दचकतो, थ्रॉटल बंद करतो, बोटं आपोआप ब्रेकवर जातात. मग एकतर पुढचा टायर सटकतो आणि तो तिथेच पडतो, नाहीतर बाईक उभी राहते आणि सरळ ट्रॅकबाहेरच्या ग्रॅव्हलमध्ये, खडीत, जाते. दोन्ही वेळेला धक्का लागलेलाच नसतो, आणि आत घुसलेला पुढच्या कॉर्नरला पोचलेला असतो. म्हणूनच नवीन ग्रुपला बहुतेक ठिकाणी कॉर्नरमध्ये पास (ओव्हरटेक) करू देत नाहीत, फक्त स्ट्रेटवर, आणि तेही दोनेक मीटर जागा सोडून. फास्ट ग्रुपमध्ये सूट जास्त असते पण तत्त्व तेच, पास करणाऱ्याने समोरच्याला लाइन बदलायला लावली तर तो पास चुकीचा. जमत नसेल तर एक कॉर्नर थांबा, एक्झिटला लवकर थ्रॉटल उघडून स्ट्रेटवर काढा, नाहीतर सरळ पिट लेनमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागेच्या वाटेने, एक चक्कर मारा, पुढे मोकळा ट्रॅक मिळतो.

आरशांचं एका ओळीत: ते काढायला किंवा टेप लावायला सांगतात ते काच ट्रॅकवर पडू नये म्हणून आणि तुम्ही मागे बघू नये म्हणूनच.

सहीचा फॉर्म मुख्यतः आयोजकावरच्या दाव्यांबद्दल असतो, त्याने ब्रीफिंगचे नियम रद्द होत नाहीत, बेशिस्त पास केलात तर आयोजक त्याच दिवशी घरी पाठवू शकतो. कायद्याने भरपाईचं काय ते प्रत्येक देशात वेगळं आहे, त्यामुळे ‘कुणीच जबाबदार नाही’ असं सरसकट ठोकून देऊ नका. आणि हो, रस्त्यावरच्या विम्यात बहुतेक वेळा ट्रॅकवरचं नुकसान धरत नाहीत, ते आधी वाचून घ्या.

राहिलं निम्मा-निम्मा. यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागेल. पुढचा स्ट्रेटवर नागमोडी चालवत असेल, कारण नसताना मध्येच ब्रेक दाबत असेल, पिटमध्ये जाताना हात वर करत नसेल किंवा पाय बाहेर काढून दाखवत नसेल, पिटमधून निघाल्यावर आखलेली रेघ ओलांडून थेट रेसिंग लाइनवर येत असेल तर दोष त्याचाही आहे. मोठी बाईक घेऊन कॉर्नरमध्ये रांगणारे आणि स्ट्रेटवर सगळ्यांना मागे टाकणारे लोकही असतात, त्यांनी एकदा स्ट्रेटवर थ्रॉटल सोडून मागच्यांना जाऊ द्यावं, लाइन न बदलता. पण जो आपल्या लाइनवर, आपल्या स्पीडने, एकसारखा चालवतोय त्याच्या अंगावर मागून कुणी आलं तर त्यात त्याचा निम्मा सोडा, पाव हिस्साही दोष नाही.