फ्लॉपी आधी उजेडात धरा

जुन्या फ्लॉपीतलं, म्हणजे संगणकाच्या चुंबकीय तबकडीवरचं, सॉफ्टवेअर वाचेल तोवर उतरवून सगळ्यांना द्यावं, हे लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. फक्त घाई करू नका, एवढं अनुभवावरून सांगतो.

आमचं सोलापुरात अशोक चौकाजवळ चादरींच्या जेकार्ड (विणतानाच उमटणाऱ्या नक्षीच्या) डिझाइनचं काम. वडिलांच्या कपाटात सव्वापाच इंची ३६० केबीच्या फ्लॉप्यांचा डबा सापडला आणि मी पहिलीच सरळ ड्राइव्हमध्ये घातली. खरखर आवाज आला. बाहेर काढून पाहिलं तर तपकिरी तबकडीवर गोल पारदर्शक रेघ! बुरशी होती, ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडनं चुंबकीय थरच खरवडला. मोराचं एक डिझाइन कायमचं गेलं. अजून चुटपुट लागते.

म्हणून फ्लॉपीच्या वेष्टनातल्या लांबट खिडकीतून तबकडी फिरवून बघा. पांढरे ठिपके दिसले तर ड्राइव्हमध्ये घालूच नका, आधी साफ करून घ्या. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं झाका, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. साडेतीन इंची १.४४ एमबीवाल्यांत उलटं, तिथं सरकत्या पट्टीचं भोक उघडं हवं. नुसत्या फायली कॉपी करू नका, अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या. कॉपी-प्रोटेक्शन (नक्कल रोखणारी युक्ती) असेल तर ग्रीझवीझलसारखं यंत्र थेट चुंबकीय सिग्नलच टिपतं.

आणि हो, सॉफ्टवेअरही जपा. आमच्या डिझाइनच्या फायली आहेत, पण त्या उघडणारा प्रोग्राम हरवलाय. सोलापुरात कुणाकडे डॉसवरचं (विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचं) जुनं जेकार्ड सॉफ्टवेअर असेल तर कृपया इथं कळवा, ड्राइव्ह घेऊन मी स्वतः येतो.