बारभाईची शेती म्हणणाऱ्या फोंडेकरांना

फोंडेकरसाहेब,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला, दुसऱ्यात बराचसा उतरला. अमेरिकेतल्या विद्यापीठांत कॅन्सर संशोधनासाठी सामायिक प्रयोगशाळा कशा चालतात यावर मी लिहिलं, आणि तुम्ही म्हणता: ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती! सगळ्यांचं यंत्र म्हणजे कुणाचंच नाही. आमचे पेशंट अजून परळच्या टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या करतात, त्या पैशात त्यांना औषधं द्या.’

आधी तुमचं जे खरं आहे ते तुमच्या पदरात टाकतो. धूळ खाणारी यंत्रं मीही पाहिलीत. एका संस्थेत कॉन्फोकल मायक्रोस्कोप, म्हणजे लेझरवर चालणारा महागडा सूक्ष्मदर्शक, आला, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि दीड वर्ष त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर निघालं नाही. चालवणाऱ्याची जागाच मंजूर नव्हती. नारळ मात्र मंजूर होता.

पण शेतीचीच गोष्ट काढलीत, तर गोव्यात तुमच्याच तालुक्यातल्या बोरीच्या खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीकडे, बघा. तिथला बांध एकट्या कुणाचा कधीच नव्हता. बांध राखणारी शेतकऱ्यांची बारभाईच ती, भौंस म्हणतात तिला. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतं, हे खरं. पण लाकूड कुजलं का, बांधाला खेकड्याने बीळ पाडलं का, हे पाहत फिरणारा माणूस लागतो. तो होता तोवर खाऱ्या मातीत कोरगुट हा भात पिकला. तो गेला तिथे पाणी आत शिरलं.

मी अकरा वर्षं असाच एक ‘बांध’ राखला. फ्लो सायटोमीटर. बारीक धारेतून पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो, आणि प्रत्येकीकडून येणाऱ्या प्रकाशावरून ती कोण हे ओळखायचं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याचा फार उपयोग. एका संशोधकाला ते आठवड्यातून दोन-तीन तास लागतं. तेवढ्यासाठी प्रत्येकाने स्वतःचं घ्यायचं म्हणजे दर घरात पिठाची गिरणी. नियम एकच कडक: ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्याशिवाय नमुना लावायचा नाही. एका संध्याकाळी एक विद्यार्थी आला, गाठीतून सोडवलेल्या पेशी घेऊन. ‘सर, पाचच मिनिटं.’ मी घड्याळाकडे पाहिलं आणि हो म्हटलं. पेशींचे गठ्ठे अडकले, नळी तुंबली, साफ करण्यात दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशीच्या रांगेत एका पेशंटचं ताजं रक्त होतं. ते थांबत नाही, फुकट गेलं. चूक यंत्राची नाही, बारभाईचीही नाही. माझी. नाही म्हणायचा पगार मिळत होता आणि मी हो म्हटलं.

अमेरिकेचं कौतुक मी केलं ते यासाठी. तिथली नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट मान्यताप्राप्त केंद्रांना जे अनुदान देते, त्यात सामायिक सुविधांचा वेगळा वाटा असतो, आणि मुदत संपल्यावर पुन्हा मागायला गेलं की कुणी किती वापरलं, त्यातून काय निघालं, ते मांडावं लागतं. आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. पवईच्या आयआयटीत बाहेरचे लोक शुल्क भरून नमुने तपासून घेतात. २०२० साली आय-स्टेम पोर्टल आलं. देशभरातली यंत्रं त्यावर शोधून वेळ मागता येते, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात बसूनसुद्धा.

औषधांचं म्हणाल, तर तिथे मला सोपं उत्तर नाही. इमॅटिनिब ही गोळी आज ज्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, त्यातलं बिघडलेलं गुणसूत्र १९६० साली मायक्रोस्कोपखाली दिसलं. गोळीला अमेरिकेत मंजुरी मिळाली २००१ साली. एकेचाळीस वर्षं. ज्याचं परळचं तिकीट उद्याचं आहे, त्याला हे ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. प्रयोगशाळा कुणाची कोकण रेल्वे रद्द करणार नाही, निदान यंदा तरी. पण गोळी वाटायची तर आधी ती कुणीतरी शोधलेली असावी लागते, आणि तो खर्च औषधाच्या बजेटमधून कापायचा की वेगळा काढायचा, यावर भांडण करायचं तर मी तुमच्याच बाजूला उभा आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला होता: ही यंत्रं महिन्याला चालतात किती तास? माहितीच्या अधिकारात अर्ज करू या. तासांबरोबर एवढंच आणखी विचारू: चालवणारा माणूस कायम आहे की कंत्राटी, आणि तो रजेवर गेला की किल्ली कुणाकडे असते? मसुदा माझ्याकडे तयार आहे. सही तुमची की माझी, तेवढं कळवा.