ख खोबऱ्यातला

मी फक्त एवढंच विचारलं होतं, "क्लोरोफायटम आहे का?" लोक बाल्कनीत टांगायला स्पायडर प्लांट म्हणून नेतात, ते पांढऱ्या पट्ट्यांचं झाड. सिंहगड रस्त्यावरची नर्सरी, रविवार सकाळ, पार्किंगवरून एकाशी आधीच वाजलेलं.

नर्सरीवाला वळायच्या आत मागून आवाज आला, "ख्लोरो."

बर्म्युडा, पांढरे मोजे, हातात रिकामी कापडी पिशवी.

"ख म्हणा, ताई. खोबऱ्यातला ख. ग्रीक अक्षर आहे ते, 'खी'. प्राचीन ग्रीक चक्क ख म्हणायचे. इंग्रजांची जीभ वळत नाही म्हणून त्यांनी क केला. आपल्याला काय धाड भरलीये?"

"बरं. ख्लोरोफायटम."

"फायटम नाही हो! फ्युतॉन. आणि फ फणसातला, फॅनमधला नव्हे."

"काका, मला झाड हवंय."

"तेच सांगतोय. फ्युतॉन म्हणजे झाड, ख्लोरोस म्हणजे हिरवं."

म्हणजे झाडाचं नाव 'हिरवं झाड'! बारसं करणाऱ्याला बाकीची झाडं काय जांभळी दिसत होती? आणि याच्याच भावकीतल्या सफेद मुसळीचं नाव ऐका: क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. बोरिवलीवरून! अर्धं अथेन्स, अर्धी पश्चिम रेल्वे. हे मी काकांना ऐकवलं. बी.एस्सी. बॉटनी उगाच नाही केलं.

काका क्षणभर थांबले. "मुंबईची नावं मी धरत नाही."

यावर काय बोलणार? बरं, वनस्पतीचं शास्त्रीय नाव ग्रीक तुकड्यांचं असलं तरी वळण लॅटिन असतं, शेवटचा 'उम' तिथलाच. तो छाटायचा अधिकार यांना कुणी दिला? आमच्या बाई वर्गात क्लो-रो-फाय-टम अशी चार अक्षरं फळ्यावर फोडून दाखवायच्या, आम्ही पास झालो, झाडंही जगली. पण या शहरात पैसे मोजून वस्तू घ्यायला गेलं तरी आधी तोंडी परीक्षा. रिक्षावाला पत्ता दुरुस्त करतो, दुकानदार गरज दुरुस्त करतो, आता मागचं गिऱ्हाईक जीभ दुरुस्त करणार!

मी फणसातला फ मनातल्या मनात घोटत असताना काका पुढे सरकले, कोपऱ्याकडे बोट केलं.

"ते गवतासारखं आहे ना, ते द्या. दोन्ही."

दोनच होती.